सिनेमा सुरू होताना येणारी नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संकलकाच्या शेजारी बसून सिनेमांची टायटल्स करणं हे माझं रोजचं काम. कुणी व्यवसाय विचारला आणि मी हे सांगितलं की थोड्याफार फरकानं तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं.

टायटल्स, श्रेयनामावली की नामावली? बरोबर शब्द कोणता?

तिन्ही चालतात. छापील मराठीत श्रेयनामावली, एडिटच्या खोलीत टायटल्स आणि थिएटरात आलेल्या माणसाच्या तोंडी साधं ‘नावं’. अंधारात खुर्ची चाचपडताना शेजाऱ्याला ‘नावं झाली का हो?’ असं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी विचारलेलं असतं. एका वेळी पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराला पाटी किंवा कार्ड म्हणतात. खालून वर सरकत जाणारी नावं म्हणजे रोलर.

सिनेमा बघायला आलोय, नावं वाचायला नाही. मग ती आधी कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर मला आपल्या नाटकाकडून द्यावंसं वाटतं.

नाट्यगृहात तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि पडद्याआडून आवाज येतो: अमुक संस्था सादर करीत आहे, तमुक नाटक, लेखक हे, दिग्दर्शक हे, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत. ही उद्घोषणा म्हणजे ऐकायची श्रेयनामावलीच. तिच्याही मागे जायचं तर संगीत नाटकाची नांदी आहे, सूत्रधार आणि नटीचा प्रवेश आहे. कालिदासाच्या शाकुंतलातही सूत्रधार आधी येऊन आज कोणाचं कोणतं नाटक होणार ते सांगतो आणि मग राजा दुष्यंत हरणामागे धावत येतो. तमाशात आधी गण होतो, मग गवळण, आणि वगाला तोंड फुटतं ते त्यानंतर. गोष्ट सांगण्याआधी गोष्टीचं अंगण झाडून घ्यायची ही पद्धत सिनेमापेक्षा फार जुनी आहे.

कारण आत आलेला माणूस लगेच गोष्टीत नसतो. रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून झालेली बोलाचाली त्याच्या डोक्यात घोळत असते. गाडी नीट लावली की नाही, घरी गॅस बंद केला की नाही, हे चालू असतं. त्याला तिथून उचलून इथे आणायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं टायटल्सची. सिनेमाचा वेग काय असणार, हसायचं आहे की जपून बसायचं आहे, काळ कुठला, गाव कुठलं, हे सगळं एकही संवाद न होता सांगायला त्याहून चांगली जागा नाही.

आमच्या गावच्या जत्रेत तंबूचं टॉकीज यायचं. आत पडद्यावर काय चाललंय ते बाहेर दिसत नसे, पण टायटलचं संगीत मैदानभर ऐकू जाई. भज्यांच्या गाडीपाशी रेंगाळणारी माणसं ते ऐकून विडी विझवून पळत सुटायची. नावं वाचता न येणाऱ्यांनाही नावांचं संगीत कळत होतं.

दुसरं काम नोंदीचं आहे. एवढ्या माणसांनी हे केलं, हे चारचौघांत सांगणं. या दोन कामांपैकी एकासाठी दुसऱ्याचा बळी दिला की टायटल्स बिघडतात, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीपासूनच सिनेमात नावं असायची का?

नाही. अगदी सुरुवातीच्या मूकपटांत सिनेमाचं नाव आणि कंपनीची खूण एवढंच असे. नटांची नावं मुद्दाम दाबली जात, कारण नाव झालं की पगार वाढवून मागणार ही मालकांना धास्ती. अमेरिकेतल्या बायोग्राफ कंपनीत फ्लोरेन्स लॉरेन्स ही अभिनेत्री इतकी लोकप्रिय होती की लोक तिला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणत, कारण खरं नाव कुणाला माहीतच नव्हतं. कार्ल लेम्ले यांनी तिला आपल्या कंपनीत घेतलं आणि १९१० साली तिच्या नावानिशी जाहिरात केली. नाव हे चलन आहे, हे त्यानंतर सगळ्यांच्या लक्षात आलं.

आपल्याकडे कंपनीच्या मानचिन्हाला मोठा मान होता. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या ‘प्रभात’ची तुतारी फुंकणारी स्त्री आठवा. ती दिसली की पुढे काय दर्जाचं बघायला मिळणार याची हमीच मिळे. मेहबूब खान यांच्या चित्रसंस्थेचा कोयता-हातोडा आणि त्यावर ऐकू येणारा शेर, राज कपूर यांच्या सिनेमांआधी शिवलिंगाची पूजा करणारे पृथ्वीराज आणि ‘बरसात’वरून घेतलेली, एका हातात नायिका आणि दुसऱ्या हातात व्हायोलिन असलेली आकृती, ही सगळी त्या काळच्या प्रेक्षकाला पाठ होती. आज सिनेमा सुरू होताना एकामागून एक सहा-सात कंपन्यांच्या खुणा येतात आणि त्यातली एकही लक्षात राहत नाही. पैसा कुठून आला त्याची ती यादी झाली आहे.

टायटल्सचं ‘डिझाइन’ करायचं असतं हे कधी ठरलं?

सुंदर अक्षरं आधीही काढली जात होती. पण टायटल्स हा सिनेमाचाच पहिला प्रसंग आहे, हे ठसवलं अमेरिकेतल्या सॉल बास यांनी. ते मूळचे जाहिरात आणि पोस्टरवाले. १९५५ मध्ये ओटो प्रेमिंजर यांच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी त्यांनी काळ्या पडद्यावर फक्त पांढऱ्या पट्ट्या आणल्या. पट्ट्या सरकतात, जागा बदलतात, नावांना वाट करून देतात आणि शेवटी त्यांचा एक वाकडातिकडा, आखडलेला हात होतो. सिनेमा हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या माणसाचा. नायकाचा चेहरा न दाखवता त्याचं दुखणं दाखवलं गेलं.

त्या काळी थिएटरात नावं चालू असताना मखमली पडदा बंदच ठेवायची सवय होती, लोक तेवढ्यात पॉपकॉर्न घेऊन बसत. या सिनेमाच्या डब्यांवर प्रोजेक्शन करणाऱ्यांसाठी सूचना लावलेली होती की टायटल्सच्या आधी पडदा उघडा. मला ही एवढीशी चिठ्ठी फार मोलाची वाटते.

पुढे हिचकॉकसाठी त्यांनी ‘व्हर्टिगो’ (१९५८), ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) आणि ‘सायको’ (१९६०) ची टायटल्स केली. ‘व्हर्टिगो’त बाईच्या डोळ्यातून फिरत्या वलयांचा भोवरा बाहेर येतो. ‘सायको’त करड्या पट्ट्या नावं चिरत जातात. त्यानंतर या कामाला घराणीच निर्माण झाली. १९६२ पासून बाँडपटांत मॉरिस बाइंडर यांची बंदुकीच्या नळीतून दिसणारी आकृती आली, १९६४ मध्ये ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’साठी पाब्लो फेरो यांनी हातानं लिहिलेली उंच, किडकिडीत अक्षरं आली आणि १९९५ मध्ये ‘सेव्हन’साठी काइल कूपर यांची खरवडलेली, थरथरणारी टायटल्स आली. आज कुठल्याही रहस्यपटाची अक्षरं थरथरतात ती तिथून.

भारतात कोणाची टायटल्स बघावीत?

मी पहिलं नाव सत्यजित राय यांचं घेईन. ते कलकत्त्याच्या जाहिरात कंपनीत चित्रकार होते, पुस्तकांची मुखपृष्ठं करत होते. अक्षर हा त्यांचा पिंडच. ‘पथेर पांचाली’ची (१९५५) नावं हातकागदावर हातानं लिहिल्यासारखी येतात, जुनी पोथी उलगडावी तशी. ‘महानगर’मध्ये (१९६३) नावं चालू असताना दिसतो तो फक्त ट्रामचा वरचा दांडा, तारेला घासत जाणारा. शहर, नोकरी, रोजची ये-जा, सगळं त्या एका दांड्यात आलं.

आणि ‘चारुलता’ (१९६४). रुमालावर सुईदोऱ्यानं एक अक्षर भरलं जात आहे. बाईचे हात, चौकटीवर ताणलेलं कापड, वर येणारी आणि खाली जाणारी सुई. त्यावर नावं येत राहतात. ते अक्षर ‘बी’ आहे, तिच्या नवऱ्याच्या, भूपतीच्या नावाचं. श्रीमंत घर, रिकामी दुपार, हातात कसब आहे आणि ते खर्ची पडतंय नवऱ्याच्या रुमालावर. पुढच्या दोन तासांत जे उलगडायचं आहे त्याचं बी इथे पेरलं गेलं. मी ही टायटल्स किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही. दर वेळी मी नावं वाचायला विसरतो आणि पुन्हा मागे जातो. म्हणजे कामाच्या हिशेबानं ही त्यातली उणीवच, पण मी ती आनंदानं सोसतो.

हिंदीत ‘शोले’ (१९७५) जरूर बघा, या वेळी नुसती टायटल्स बघायची म्हणून. गाडी एका आडबाजूच्या स्टेशनावर थांबते, जेलर उतरतो. त्याला न्यायला रामलाल आलेला. दोघं घोड्यावर बसतात आणि निघतात, राहुलदेव बर्मन यांचं संगीत सुरू होतं. नावं येत असताना घोडे खडकाळ टेकड्यांमधून, माळरानावरून, मग गावातल्या घरांमधून जातात. हे चित्रण बंगळूरजवळच्या रामनगरचं, छायाचित्रण द्वारका दिवेचा यांचं. नावं संपेपर्यंत आपल्याला नकाशा पाठ झालेला असतो: स्टेशन लांब आहे, मधले खडक दरोडेखोरांना लपायला उत्तम आहेत, गाव एकटं पडलेलं आहे आणि ठाकूरची हवेली गावापासून जरा अलग आहे. पुढे गब्बरची माणसं घोड्यावरून येतात तेव्हा ती कुठून आली हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नावं लिहून दाखवलीच पाहिजेत का? नुसती बोलली तर?

बोललेली उदाहरणं आहेत. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बावर्ची’त (१९७२) अमिताभ बच्चन यांच्या आवाजात नावं ऐकू येतात. फ्रान्स्वा त्रूफो यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये (१९६६) पुस्तकं जाळणाऱ्या, वाचायला बंदी असलेल्या समाजाची गोष्ट आहे, म्हणून पडद्यावर अक्षरच येत नाही, नावं बोलली जातात. मराठी प्रेक्षकाला तर नाटकाच्या उद्घोषणेमुळे याची सवय आहे. कुणी मराठी सिनेमात हे मनापासून करून बघावं.

नावांचा क्रम कोण ठरवतं?

बहुतेक गोष्टी करारात लिहिलेल्या असतात: कुणाचं नाव पहिलं, कुणाचं एकट्याच्या पाटीवर, अक्षर सिनेमाच्या नावाच्या किती टक्के. यावरून शूटिंग अडलेलं मी पाहिलं आहे. साधारण रीत अशी की आधी निर्मिती संस्था, मग प्रमुख कलाकार, सिनेमाचं नाव, बाकीचे कलाकार, मग तंत्रज्ञ, लेखक, निर्माते आणि सगळ्यांत शेवटी दिग्दर्शक.

शेवटच्या जागेलाही मान असतो. प्राण यांचं नाव कित्येक सिनेमांत सगळ्या कलाकारांनंतर ‘आणि प्राण’ असं येई. यादीच्या शेवटी असूनही ते सगळ्यांच्या लक्षात राही. दोन तुल्यबळ नट असले की पंचाईत होते. ‘द टॉवरिंग इन्फर्नो’त (१९७४) स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन दोघांनाही पहिली जागा हवी होती. तोडगा निघाला तो असा: मॅक्वीन डावीकडे पण खाली, न्यूमन उजवीकडे पण वर. डावीकडून वाचणाऱ्याला एक पहिला, वरून वाचणाऱ्याला दुसरा.

माझं काम सिनेमात आहे पण नाव दिलं नाही. काही करता येतं का?

येतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार लेखकाला आपल्या कृतीचं कर्तेपण सांगण्याचा हक्क आहे आणि तो हक्क कृती विकल्यानंतरही उरतो. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ३८-ब नुसार कलाकारालाही आपण ते सादरीकरण केल्याची ओळख मागता येते. त्याच दुरुस्तीत एक बारीक मेख आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ, ओघात आलेलं आहे आणि ज्याचं नाव धंद्याच्या रीतीप्रमाणे कुठेच, श्रेयनामावलीतही दिलं जात नाही, त्याला बहुतेक बाबतींत ‘कलाकार’ धरलं जात नाही. म्हणजे श्रेयनामावलीतल्या नावाला कायद्यातही वजन आहे. लेखकांसाठी मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशनची तक्रार निवारण समिती आहे, सभासद असाल तर आधी तिथे जा. आणि काम घेतानाच नाव कसं, कुठे येणार हे लिहून घ्या.

हा झगडा जुना आहे. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्यानं देश वेडा झाला तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. गाणाऱ्या लता मंगेशकर होत्या. लोकांनी आवाज कुणाचा म्हणून विचारणा केली तेव्हा ते नाव बाहेर आलं. आणि १९७३ मध्ये ‘जंजीर’च्या पोस्टरवर नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी रंगारी लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली. पटकथा लिहिणारा माणूस असतो हे त्यानंतर प्रेक्षकांना कळलं.

हिंदी सिनेमाचं नाव तीन लिप्यांत का यायचं?

रोमन, देवनागरी आणि उर्दू. प्रेक्षक तिन्ही वाचणारे होते, कित्येक लेखक आणि गीतकार उर्दूत लिहिणारे होते. आता उर्दू दिसेनाशी झाली आहे आणि देवनागरीही काही वेळा कोपऱ्यात ढकललेली असते. वाईट वाटतं.

‘यातील सर्व पात्रे व घटना काल्पनिक आहेत’ ही पाटी कुठून आली?

रशियाच्या झारच्या दरबारातून, असं म्हटलं तरी चालेल. १९३२ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीनं झारच्या दरबारात वजन असलेल्या रास्पुतिन या साधूवर सिनेमा काढला. रास्पुतिनच्या खुनात सामील असलेले राजपुत्र युसुपोव्ह तेव्हा हयात होते. सिनेमातल्या एका राजकन्येच्या पात्रात आपली बदनामी झाली आहे, असं म्हणत त्यांच्या पत्नी इरिना लंडनच्या कोर्टात गेल्या आणि १९३४ मध्ये खटला जिंकल्या. कंपनीला २५,००० पौंड मोजावे लागले. तेव्हापासून ही पाटी जगभर पसरली.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि तंबाखूची सूचना हेही टायटल्समध्ये धरायचं का?

ते कायद्यानं आधी येतं, आमच्या हातात नसतं. प्रमाणपत्र १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली. २०२४ च्या नव्या नियमांनी यूए वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत. सिनेमात तंबाखूचा वापर दिसत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतराच्या सुमारास किमान ३० सेकंदांची आरोग्यविषयक फीत आणि २० सेकंदांची सूचना दाखवावी लागते. डिझाइन करताना एवढंच ध्यानात ठेवायचं की प्रेक्षक आजाराची दृश्यं पाहून तुमच्यापर्यंत पोचतो आहे. पहिल्या पाटीआधी चार-पाच सेकंदांचा अंधार आणि शांतता ठेवली की तो सावरतो.

जुन्या काळी नावं पडद्यावर कशी यायची?

रंगारी काळ्या कार्डावर किंवा काचेवर पांढऱ्या रंगानं अक्षरं काढी. ते कार्ड स्टँडवर ठेवून वरून कॅमेऱ्यानं एकेक चौकट घेत. हलत्या चित्रावर नावं हवी असतील तर लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर दोन फिती एकत्र छापायच्या. चूक झाली की कार्ड नव्यानं लिहा, शूट करा, लॅबला पाठवा, पैसे पुन्हा मोजा. म्हणून तेव्हा स्पेलिंग चार जण तपासत. अक्षर काढणं ही त्यांची हयातभराची कमाई असे. नाटकांच्या जाहिरातींतून कमल शेडगे यांचं अक्षर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कळेल की नाटकाचं नुसतं नाव वाचून त्याचा स्वभाव कळू शकतो.

पाटी किती वेळ ठेवायची?

मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतकी. एका नावाला तीन सेकंद पुरतात. फिल्मच्या भाषेत, सेकंदाला २४ चौकटींनी ७२ चौकटी, म्हणजे ३५ मिलिमीटरची साडेचार फूट फीत. चार नावांची पाटी असेल तर सहा सेकंदांच्या खाली जाऊ नका. आणि पाटी संगीताच्या ठेक्यावर बदलायची असेल तर संगीतकाराला आधी भेटा, शेवटी नाही.

देवनागरीत टायटल्स करताना काय सांभाळायचं?

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण चुका बघून जीव कळवळतो.

पहिली गोष्ट, रोमन अक्षरं फाकवतात तशी देवनागरी फाकवू नका. इंग्रजी टायटल्समध्ये अक्षरांत भरपूर जागा सोडली की रुबाबदार दिसतं. तेच देवनागरीला केलं की शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाची चार सुटी अक्षरं लोंबकळत राहतात. शिरोरेषेवर शब्द उभा असतो, तिला हात लावायचा तर पूर्ण विचार करून लावा.

दुसरी, ओळींतलं अंतर. रोमनमध्ये वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजी मांडणीत तेवढ्याच जागेत मराठी बसवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मी रोमनच्या दीडपट अंतर धरून सुरुवात करतो.

तिसरी, मोठी लिपी आणि छोटी लिपी असा भेद आपल्याकडे नाही. इंग्रजीत पदनाम छोट्या अक्षरांत आणि नाव मोठ्या अक्षरांत टाकलं की काम होतं. मराठीत हा फरक जाडी, आकार आणि रंग यांतून आणावा लागतो. ‘संकलन’ बारीक आणि फिकट, त्याखाली नाव ठळक.

चौथी, बारीक रेषांचा मोह. संगणकावर नाजूक वाटणारं अक्षर थिएटरच्या पडद्यावर उजळ आकाशापुढे विरून जातं. ‘ष’ आणि ‘प’, ‘घ’ आणि ‘ध’ शेवटच्या रांगेतून ओळखू आले पाहिजेत. एडिटच्या खोलीत स्क्रीनपासून दहा पावलं मागे जाऊन बघा. तिथून दिसत नसेल तर बदला.

पाचवी, सॉफ्टवेअर. काही प्रोग्रॅम भारतीय लिपींची सोय चालू केल्याशिवाय देवनागरी नीट जोडत नाहीत. वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते, जोडाक्षराचा पाय मोडून पडतो. जुन्या ‘श्रीलिपी’ या टंकप्रणालीतला मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही हेच होतं. मशीनवर विसंबू नका, एकेक पाटी डोळ्यांनी वाचा.

आणि शेवटची, सगळ्यांत साधी. मराठी सिनेमाची नावं मराठीत द्या. गोष्ट मराठी, माणसं मराठी, प्रेक्षक मराठी आणि पडद्यावर सगळी नावं रोमनमध्ये, हे मला पटत नाही. महोत्सवासाठी इंग्रजी प्रत वेगळी करता येते. त्याला फार खर्चही येत नाही.

मालिकेचं शीर्षकगीत म्हणजे हेच का?

चुलत भावंडं म्हणा. मालिका रोज येते, म्हणून तिचं गाणं बोलावणं धाडतं. स्वयंपाकघरातल्या बाईला ते ऐकून हात पुसत बाहेर यायचं असतं. १९९९ मध्ये ‘आभाळमाया’पासून अशोक पत्की यांच्या चालींनी हे काम इतकं चोख केलं की मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी गाणी ओठांवर आहेत. सिनेमाला प्रेक्षक आधीच खुर्चीत बसलेला मिळतो, त्याला हाक मारावी लागत नाही.

हल्ली नावं शेवटी का जातात?

माणसं वाढली. पूर्वी युनिट छोटं होतं, दोन मिनिटांत सगळी नावं होत आणि शेवटी नुसतं ‘समाप्त’ येई. आता एकट्या व्हीएफएक्सची, म्हणजे संगणकावर दृश्यकरामती करणाऱ्यांचीच, कित्येक नावं असतात. शिवाय १९७० च्या दशकात थेट गोष्टीत उडी मारायची चाल पडली. ‘गॉडफादर’च्या (१९७२) सुरुवातीला जवळजवळ सिनेमाचं नावच येतं, बस. जॉर्ज लुकास यांनी ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) आरंभी कुणाचंच नाव ठेवलं नाही. १९८० च्या पुढच्या भागात तेच केल्यावर दिग्दर्शकांच्या संघटनेनं दंड केला, लुकास यांनी तो भरला आणि संघटना सोडली.

२०१७ मध्ये नेटफ्लिक्सनं सुरुवात वगळायचं बटण आणलं. मालिकेचे आठ भाग सलग बघणाऱ्याला ते हवंसं वाटणार हे मी समजू शकतो. पण सिनेमाच्या शेवटी दिवे लागलेले, माणसं उठलेली, झाडूवाले आत आलेले आणि पडद्यावर तीनशे नावं धावताहेत, याला नोंद म्हणायला माझं मन धजत नाही. शक्य असेल तिथे निदान दहा-बारा प्रमुख तंत्रज्ञांची नावं सुरुवातीला ठेवा.

माझी पंधरा मिनिटांची शॉर्टफिल्म आहे. टायटल्स किती मोठी ठेवू?

चाळीस सेकंदांपेक्षा जास्त नको. सुरुवातीला फिल्मचं नाव, दोन-तीन मुख्य कलाकार आणि दिग्दर्शक, बाकी सगळे शेवटी. महागडं ऍनिमेशन नको. गोष्टीतली एक वस्तू निवडा, तिच्याकडे कॅमेरा शांतपणे बघू दे आणि त्यावर नावं येऊ द्या. राय यांना सुईदोरा पुरला होता.

आणि नावं चुकू नयेत म्हणून काय करायचं?

काही वर्षांपूर्वी एका सिनेमात एका लाइटमनच्या आडनावातला ‘ळ’ माझ्या हातून ‘ल’ झाला. यादी प्रॉडक्शनकडून रोमनमध्ये आली होती आणि मी विचारलं नाही. तो गावाहून आईवडिलांना घेऊन पहिल्या दिवशीचा खेळ बघायला आला होता. शेवटपर्यंत थांबले, नाव आलं, आणि वडिलांनी विचारलं, हे आपलंच ना? त्यानं मला हे रागानं सांगितलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

रोमनमध्ये आलेल्या यादीवर कधीही विसंबू नका. त्यात काळे आणि काले, माळी आणि माली एकच दिसतात. ड आणि द, ट आणि त, ण आणि न कळत नाहीत. मी आता प्रत्येकाला निरोप पाठवतो: तुमचं नाव तुमच्या हातानं कागदावर मराठीत लिहा आणि फोटो पाठवा. स्पॉटबॉयपासून निर्मात्यापर्यंत सगळ्यांना. कुणी वडिलांचं नाव मध्ये घालतं, कुणी आईचं, कुणी गावाचं. फोटो आले की ते एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि टायटल्स लॉक करायच्या आदल्या रात्री एकेक पाटी त्या अक्षराशी ताडून बघतो. साठ नावांना दीड तास लागतो.